न रडलेलं पाणी

मेहकर तालुक्यातील समस्त नागरिकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, उद्या सकाळी नऊ ते अकरा या वेळेत कुणीही, कोणत्याही कारणाने रडू नये. कांदा चिरू नये, मिरची कुटू नये, सुनेने सासूशी आणि सासूने सुनेशी बोलू नये. माहेरची आठवण काढायचीच असल्यास ती अकरानंतर काढावी. हुकुमावरून.

ही दवंडी खरोखर दिली गेली आहे. ऑटोवर भोंगा बांधून, गल्लीगल्लीतून, दोनदा. देणारा आवाज माझा होता. मी या भागातला माइकवाला. नळाला पाणी येणार नसलं तरी मी सांगतो, लग्नात नवरदेव मांडवात आला तरी मी सांगतो, आणि शेळी हरवली तर तिचा रंगही मीच सांगतो. या दवंडीत सासूसुनेचा मजकूर माझ्या पदरचा होता. पण न रडण्याचा हुकूम टिपकागदांचा.

टिपकागद हे त्यांचं नाव नव्हे, हे उघड आहे. खरं नाव सरकारी दवाखान्याच्या हजेरीपटावर होतं आणि ते निवृत्त झाल्यावर तिथेच राहिलं. तीस वर्षं त्यांनी तालुक्याचे डोळे तपासले होते. निवृत्तीनंतर मोठ्या शहरातल्या कुठल्याशा प्रयोगशाळेने त्यांना आपल्या अभ्यासासाठी धरलं आणि त्यांच्या हातात बोटभर लांबीच्या, पातळ पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या दिल्या. माणसाची खालची पापणी हलकेच ओढायची, पट्टीचं दुमडलेलं टोक आत अडकवायचं, पाच मिनिटं डोळे मिटून बसवायचं. कागद हळूहळू ओला होत खाली येतो. मग तो एका इवल्याशा नळीत घालून बर्फाच्या पेटीत ठेवायचा. ती निळी पेटी खांद्याला लावून ते एसटीतून उतरले की स्टँडवर हमखास कुणीतरी विचारी, "काका, कुल्फी हाय का?" आणि ते तितक्याच हमखास उत्तर देत, "हाय, पण खारट हाय."

कोणत्याही माणसाचा चेहरा त्यांनी कधी पाहिला असेल, असं मला वाटत नाही. ते थेट डोळ्यांत पाहत. "आंधी डोये दाखव, मंग नाव सांग," हे त्यांचं नमस्काराऐवजीचं वाक्य. माझी बायको एकदा बाजारात त्यांच्याशी चांगली दहा मिनिटं बोलली. त्यांनी ओळख म्हणून दिली नाही. शेवटी तिने रागाने उन्हाचा चष्मा काढला, तर हे ओरडले, "अवं सूनबाई, तू व्हय? मले वाटलं कोण बाई एवढी बडबड करून राह्यली!"

अभ्यास काय होता, हे त्यांनी मला तहसीलसमोरच्या चहाच्या टपरीवर सांगितलं, आणि मी आजवर ऐकलेल्या कुठल्याही डॉक्टरच्या भाषणापेक्षा ते स्पष्ट होतं. "डोयातलं पाणी म्हणजे निस्तं पाणी नसते बे. ते तुरीच्या वरणासारखं असते. वरून पाणी दिसते, आतमंदी दाय असते. त्या दायीले हे लोक प्रोटीन म्हणते. काचबिंदू व्हायच्या आंधीच ही दाय बदलते, असं त्यायले वाटते. एकडाव ती खूण सापडली ना, का एका थेंबात समजंन, कोणाचे डोये जाणार हायेत ते. जायच्या आंधी!" हे शेवटचे दोन शब्द म्हणताना त्यांनी कपातला चहा सांडला. तीस वर्षं त्यांच्या खुर्चीत येऊन बसलेली माणसं डोळे गेल्यावरच आलेली होती.

आमच्या जिल्ह्याला याचं नवल वाटलं नाही. लोणारच्या खाऱ्या पाण्याचा अभ्यास करायला जगभरातून लोक येतात आणि बाटल्या भरून नेतात. आता कुणीतरी दुसऱ्या खाऱ्या पाण्यासाठी आलं, एवढंच.

अडचण एकच होती. त्यांना डोळ्यांतलं पाणी हवं होतं, पण रडलेलं नको होतं. रडताना किंवा कांदा चिरताना जे येतं ते भराभर येतं आणि पातळ असतं. त्यात ती डाळ नीट सापडत नाही. डोळा ओला ठेवायला जे गुपचूप, दिवसभर झिरपत असतं, तेच त्यांना पाहिजे. हे लोकांना समजावताना त्यांची निम्मी ताकद खर्च झाली. मलकापूरच्या एका कापूस व्यापाऱ्याला पाच मिनिटं बसायला वेळ नव्हता. त्याने पट्टी लावल्यावर खिशातून चिरलेला कांदा काढून नाकाशी धरला. कागद मिनिटभरात चिंब. टिपकागदांनी तो त्याच्या देखत फेकून दिला. "हे कांद्याचं पाणी हाय शेटजी. मले तुमचं पाहिजे."

गावोगावच्या बायकांनी तर या प्रकाराची परीक्षाच करून टाकली. पट्टीवर मापाच्या रेघा असतात. कुणाचा कागद कितव्या रेघेपर्यंत भिजला याचे निकाल ओट्यावर जाहीर होऊ लागले. "माहा अठरा भरला." "अठराच? माहा तं सव्वीस!" भिजण्याचा आणि काचबिंदूचा असा सरळ संबंध नाही, हे ते घसा फोडून सांगत. ऐकतंय कोण! सव्वीसवाली बाई अठरावालीकडे महिनाभर कीव केल्यासारखी पाहत राहिली.

एका घरी ते ठरल्या दिवशी गेले, तर आदल्याच दिवशी म्हातारी गेलेली. सून यादीत होती आणि ओसरीत बसून हुंदके देत होती. दुसरा कुणी असता तर हात जोडून मागे फिरला असता. हे पेटी घेऊन तिच्याजवळ बसले, पाठीवर हात ठेवला आणि अतिशय मायेने म्हणाले, "रड माय, मोकळी हो. पण कवा थांबशील तेवढं सांग, म्हणजे म्या तसा येतो." ओसरीतल्या बायकांनी डोळे वटारले. त्या सुनेला मात्र रडता रडता हसू फुटलं. तेराव्यानंतर तिने स्वतःहून निरोप पाठवला, "भाऊले म्हणावं, थांबले."

मी स्वतः गणपतीतल्या नाटकांत रडण्यासाठी प्रसिद्ध आहे. ग्लिसरीन न लावता, डाव्या डोळ्यातून आधी, उजव्यातून नंतर, अशी माझी ख्याती आहे. मी मोठ्या मनाने त्यांना म्हणालो, "भाऊ, तुम्ही फक्त भांडं धरा." त्यांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या डोळ्यांकडे, पाहिलं आणि म्हणाले, "तुह्यं तं मुयीच नाही चालत. तू झोपीतही नाटक करत असशील."

पण पाणी त्यांना माझंच हवं होतं. कारण आमच्या घरात काचबिंदू आहे. माझे वडील कापडाच्या दुकानात तीस वर्षं गज धरून उभे राहिले आणि शेवटची सहा वर्षं घरातल्या घरात भिंतीला हात लावून फिरले. हा आजार दुखत नाही. डोळा लाल होत नाही. तो कडेकडेने, चोरपावलाने दृष्टी खातो, आणि जे खाल्लं ते परत देत नाही. वडलांच्या हाताने भिंतीवर पडलेला तेलकट पट्टा मी अजून रंगवू दिलेला नाही. म्हणून मी दर दिवाळीनंतर बुलढाण्याला जाऊन डोळ्यांचा दाब मोजून येत असे. एकही वर्ष चुकवलं नव्हतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे मला त्याच्यावरून ओरडायचं आहे.

मला कागद लावून घ्यायचा नव्हता. भीती वाटत होती. एका थेंबात समजणार असेल, तर मला ते समजून घ्यायचंच नव्हतं. टिपकागद महिनाभर माझ्या मागे होते. शेवटी त्याच टपरीवर त्यांनी माझा हात हातात घेतला.

"हे पाह्य माइक्या. तुह्या पाण्यात काई वाईट निघालं, तं म्या सोता येऊन तुले सांगीन. कुठीबी असलो तरी येईन. निरोप नाही आला, तं समज तू सुखी."

हे वाक्य आमच्याकडे फार खोल रुजतं. लेक सासरी गेली, निरोप नाही, म्हणजे सुखी. पोरगा पुण्याला गेला, फोन नाही, म्हणजे सुखी. वाईट बातमीला पाय असतात, चांगली घरीच बसते, अशा हिशेबाने आमच्या आयाबाया आयुष्य काढतात. मीही त्यांचाच. मी डोळे मिटले आणि कागद लावून घेतला. एवढंच नाही, ते वाक्य मी माझ्या दवंडीत घातलं. हिवरा आश्रमापासून जानेफळपर्यंत माझाच आवाज सांगत फिरला: "निरोप आला तर दवाखान्यात जावे, निरोप न आल्यास आनंदात राहावे." टिपकागद ऑटोत माझ्या शेजारी बसलेले असत. त्यांनी एकदाही माझ्या हातातला माइक खाली केला नाही.

तीन दिवाळ्या गेल्या. निरोप आला नाही. मी आनंदात राहिलो. बुलढाण्याला गेलो नाही.

मग लग्नसराईत एक चमत्कारिक गोष्ट सुरू झाली. मला चटणी वाढेनात. एका लग्नात नाही, दुसऱ्यात नाही, तिसऱ्यातही नाही. चटणी, लिंबू, कोशिंबीर, पानाच्या डाव्या बाजूचं सगळं गायब. तिसऱ्या लग्नात माझा संयम सुटला. माइक माझ्याच हातात होता. मी भर मांडवात जाहीर केलं, "वाढपी मंडळींना नम्र विनंती, ज्याने सकाळपासून घसा फोडला त्याच्याही ताटाला डावी बाजू असते!" मांडव हसला. माझी बायको उठून आली, माझं मनगट धरलं आणि माझं बोट पानात डावीकडे नेऊन टेकवलं. बोट चटणीत बुडालं. तिथे लिंबू होतं, मीठ होतं, कोशिंबीर होती. लोक अजून हसत होते. ती हसत नव्हती.

बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी दोन तास तपासलं. डाव्या डोळ्याचा बराच भाग गेलेला. उजव्याचीही डावीकडची कड गेलेली, बाकीचा अजून शाबूत, तो राखायला रोज औषधाचे थेंब, जन्मभर.

"घरात काचबिंदू आहे माहीत असून तीन वर्षं कुठे होतात तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"मी अभ्यासात होतो," मी म्हणालो.

"मग? निकाल कळवला होता का कुणी?"

"नाही. निरोप आला नाही, म्हणजे चांगलाच असणार ना."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्यांनी मला शांतपणे सांगितलं, की असा निरोप कधी येतच नसतो. ते संशोधन आहे, तपासणी नव्हे. अश्रूंमधल्या प्रथिनांवर ठिकठिकाणी काम चाललंय, आशाही आहे, पण अजून एका थेंबावरून कुणाला काचबिंदू आहे की नाही हे सांगता येत नाही. नमुन्यावर नाव नसतं, नंबर असतो. शेकडो नंबर एकत्र ठेवून पाहतात. "तुम्हाला हे कुणी सांगितलं नाही?"

मला कुणी काय सांगितलं होतं, ते माझ्या स्वतःच्या आवाजात माझ्या कानात वाजत होतं.

मी थेट त्यांच्या घरी गेलो. ते अंगणात पेटी धूत बसले होते. माझे डोळे पाहताच त्यांचा हात थांबला. माझा डावा डोळा त्यांनी मी बोलायच्या आधीच वाचला असेल.

"भाऊ, तुम्हाले माहीत होतं?" मी विचारलं. "निरोप येतच नाही, हे माहीत होतं?"

"हाव."

"पयल्या दिवसापासून?"

"हाव. नंबर असते तिथं. नावं नसते. तुह्या पाण्याचं काय झालं, ते देवालेही सांगता येत नाही."

"मंग काऊन म्हणले मले तसं?"

"तू लावूनच घेत नव्हता. कोणीच घेत नव्हतं." ते पेटीकडे पाहत बोलत होते. "खरं सांगतलं, का तुले याचा काईच फायदा नाही, तं कोण पापणी वढू देते? मले वाटलं... मले वाटलं, तोवर सापडंन काई तरी. एखांद्या वर्षात सापडंन. मंग खरंच येऊन सांगीन."

"माहा दाब मोजणं बंद झालं, भाऊ. तुमच्या भरवशावर."

"ते मले नव्हतं माहीत बे."

"इच्यारलं होतं का कधी?"

नाटकात अशा वेळी पडदा पडतो. माझ्याकडे पडदा नव्हता, म्हणून मी अंगणातली बादली लाथेने उडवली. तीही मला डावीकडून नीट दिसली नाही. अर्धी लाथ हवेत गेली. माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा प्रवेश असा फसला.

मी त्यांना माफ केलेलं नाही, हे इथेच सांगून टाकतो. परका कुणी असता तर मी फसलो म्हणालो असतो आणि विसरलो असतो. पण या माणसाने माझा हात हातात घेऊन सांगितलं होतं. माझ्याशीच खोटं बोलला असता तरी ठीक. त्याने ते खोटं माझ्या तोंडून बोलवून घेतलं, भोंग्यावरून, अख्ख्या तालुक्याला. मी पुन्हा ऑटो काढला आणि त्याच गावांतून फिरलो: "ज्यांनी ज्यांनी कागद दिला, त्यांनी निरोपाची वाट पाहू नये, दवाखान्यात जाऊन डोळ्यांचा दाब मोजून घ्यावा." लोक दारात येऊन विचारत, "मंग आधी काऊन तसं सांगतलं रे?" इतकी वर्षं लोकांनी माझ्या आवाजावर शेळ्या शोधल्या होत्या. आता नळाला पाणी येणार नाही म्हटलं तरी बायका बादल्या घेऊन नळाशी बसू लागल्या, माझं खोटं ठरेल या आशेने.

पुढच्या गावांत मला एक नवल कळू लागलं. माझ्याआधी टिपकागद येऊन गेलेले असत. चालत, पेटीशिवाय. घरोघर जाऊन म्हणत, "म्या खोटं बोललो. निरोप येत नाही. डोये तपासून घ्या." जानेफळच्या त्या सुनेचा, तेराव्यानंतर निरोप पाठवणारीचा, काचबिंदू अशाने वेळेत सापडला. ती आता थेंब टाकते आणि तिला पानातलं सगळं दिसतं. मला आनंद झाला. तितकाच जळफळाटही. दिलेला शब्द ते एकेका दारात जाऊन पाळत होते. फक्त माझ्या दारात आले नाहीत.

आठ महिने आम्ही बोललो नाही. मग बायकोने सांगितलं, की भाऊ कायमचे लेकीकडे अमरावतीला चालले आहेत, सकाळच्या गाडीने. मी म्हणालो, जाऊ देत. आणि मी स्टँडवर गेलो. जाताना एक भाषण तयार केलं. तीन भाग होते: आरोप, पुरावा आणि शाप. माइकशिवाय शेवटच्या सीटपर्यंत पोचेल असा आवाज लावायचा ठरवला होता.

ते खिडकीशी बसले होते. गुडघ्यावर पिशवी, निळी पेटी नव्हती. त्यांनी माझ्या डाव्या डोळ्याकडे पाहिलं, मग उजव्याकडे.

"थेंब टाकतो ना रोज?"

"टाकतो."

"दाबून धरतो का कोपऱ्यात? नाही तं घशात उतरते औषध."

"धरतो."

"उजवा अजून चांगला हाय," ते म्हणाले. "म्या येणार होतो तुह्याकडं. दारापर्यंत आलतो दोनदा. खिडकीतून भिंतीवरचा तुह्या बाबाचा तो पट्टा दिसला, अन् मंग हात नाही झाला कडी वाजवाले."

मी आरोपाचं पहिलं वाक्य काढलं. "भाऊ, तुम्ही मले..." एवढंच निघालं. कंडक्टरने घंटी मारली. आणि माझ्या दोन्ही डोळ्यांतून एकदम, ना डावा आधी, ना उजवा नंतर, कुठलीही तयारी न करता, पाणी आलं. गाडी हलली. मी खिडकीची चौकट धरून चालू लागलो. टिपकागदांचा हात सवयीने कागदाची पट्टी काढायला शर्टाच्या खिशात गेला, रिकामा बाहेर आला, आणि खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून, अख्खा स्टँड वळून पाहील अशा आवाजात ते ओरडले:

"अबे थांब, पूस ते! हे नाही चालत, हे रडलेलं हाय!"